प्रिंटरलाही कुलूप हवे

जीएसटी आला तेव्हा आता कागद संपणार, सगळे कॉम्प्युटरवर होणार, असे बाजारात बोलले जात होते. प्रत्यक्षात आज कल्याण नाक्यापासून अंजूरफाट्यापर्यंत कोणत्याही गादीवर जाऊन पाहा, प्रिंटर दिवसभर चालूच असतो. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला आणि २५ मे २०१८ पासून महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीलाही ई-वे बिलाची पद्धत लागू झाली. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्याला माल विकला तर ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले. याशिवाय जॉब वर्कचे चलान, ट्रान्सपोर्टची बिल्टी, बँकेचे स्टेटमेंट, येणे बाकीची यादी, कामगारांच्या आधार कार्डाची झेरॉक्स. धंद्यातला जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा कागद त्या एकाच यंत्रातून जातो.

पूर्वी प्रिंटर एका कॉम्प्युटरला वायरने जोडलेला असे. आज तो वायफायवर असतो. मेहताजी खालच्या टेबलावरून प्रिंट देतात, मुलगा वरच्या माळ्यावरून देतो, मालक मोबाइलवरून देतो. सोय मोठी आहे, पण जी गोष्ट तिघांना दुरून चालवता येते, ती चौथ्यालाही चालवता येऊ शकते. गोदामाला आपण दोन कुलपे लावतो, वॉचमन ठेवतो, कॅमेरे बसवतो. ज्या यंत्रातून त्या गोदामाचा सगळा हिशेब बाहेर पडतो, त्याला मात्र बहुतेक ठिकाणी एकही कुलूप नसते. ते कुलूप कसे लावावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. त्यासाठी वेगळा खर्च नाही. एक तासाचा वेळ लागतो.

प्रिंटर म्हणजे छोटा कॉम्प्युटरच

पुष्कळ व्यापारी बांधव प्रिंटरला टाइपरायटरचा धाकटा भाऊ समजतात. तसे नाही. नेटवर्कवरच्या प्रिंटरमध्ये स्वतःचा प्रोसेसर असतो, मेमरी असते, आणि मोठ्या झेरॉक्स मशिनांत तर अनेकदा हार्ड डिस्कही असते. त्याला नेटवर्कवर स्वतःचा पत्ता असतो. तो पत्ता कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये टाइप केला की प्रिंटरचे सेटिंग उघडते. कोणी काय छापले याची नोंद, ज्यांना स्कॅन पाठवले त्यांचे ई-मेल पत्ते, आणि स्कॅन थेट ई-मेलने पाठवण्याची सोय घेतली असेल तर त्या ई-मेलचा पासवर्डसुद्धा त्यात साठवलेला असू शकतो.

त्या सेटिंगवर मालकाचा पासवर्ड नसेल, तर त्याच वायफायवर असलेला कोणीही माणूस ते उघडू शकतो. आणि राउटर चुकीच्या पद्धतीने लावलेला असेल, तर जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूसही उघडू शकतो.

हे कल्पनेचे बोलणे नाही

फेब्रुवारी २०१७ मध्ये एका टोपणनावाच्या माणसाने इंटरनेटवर उघडे पडलेले प्रिंटर शोधून त्यांच्यावर आपला निरोप छापला. असे दीड लाखाहून अधिक प्रिंटर आपण गाठले, असा त्याचा दावा होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये दुसऱ्या एकाने सुमारे ५० हजार प्रिंटरांवर एका यूट्यूबवाल्याची जाहिरात छापली. ऑगस्ट २०२० मध्ये सायबरन्यूज या संस्थेच्या लोकांनी जवळजवळ २८ हजार प्रिंटरांवर, त्यांच्या मालकांना न विचारता, एक पत्रक छापले. पत्रकाचा विषय होता : आपला प्रिंटर सुरक्षित कसा ठेवावा! या तिन्ही प्रकारांत नुकसान झाले ते थोड्या कागदाचे आणि शाईचे. पण जो माणूस तुमच्या यंत्रातून कागद बाहेर काढू शकतो, तो तिथेच थांबेल याची हमी कोण देणार?

ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने जाहीर केलेली माहिती जास्त गंभीर होती. सरकारी पाठबळ असलेली एक हॅकरांची टोळी मोठ्या कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये शिरली होती, आणि शिरण्यासाठी तिने वापरलेल्या वस्तू होत्या इंटरनेटवर चालणारा टेलिफोन, व्हिडिओचे एक यंत्र आणि ऑफिसातला प्रिंटर. त्यांतल्या दोन ठिकाणी कारखान्यातून आलेला मूळ पासवर्डच बदललेला नव्हता. तिसऱ्या ठिकाणी यंत्राचे सॉफ्टवेअर जुने राहिले होते. त्या एका यंत्रात पाय ठेवून टोळी नेटवर्कवरची पुढची यंत्रे शोधत गेली.

एका यंत्रातून दुसऱ्यात शिरणे म्हणजे काय, याचा फटका आपल्या जवळच बसून गेला आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला, मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये पसरला, आणि आपल्या न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. तिथे प्रिंटरचा संबंध नव्हता, पण नियम तोच आहे. साखळीतली सगळ्यात कच्ची कडी जिथे असेल तिथून संकट आत येते, आणि आपल्या ऑफिसात ती कडी बहुतेक वेळा प्रिंटर असतो, कारण त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते.

प्रिंटर गप्प झाला आणि पैसा गेला

प्रिंटरचे महत्त्व समजण्यासाठी दोन बँकांच्या गोष्टी प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकाव्यात.

पहिली ढाक्याची. बांगलादेश बँकेत परदेशी व्यवहारांचे सगळे निरोप एका प्रिंटरवर आपोआप छापले जात. फेब्रुवारी २०१६ च्या पहिल्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, तो प्रिंटर काही छापत नाही असे आढळले. मशीन आहे, बिघडली असेल, असे समजले गेले. खरी गोष्ट अशी की चोर आधीच बँकेच्या नेटवर्कमध्ये शिरले होते, आणि आपले व्यवहार कागदावर उतरू नयेत म्हणून त्यांनी प्रिंटरला गप्प केले होते. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या बांगलादेशाच्या खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर काढण्याचे हुकूम त्यांनी पाठवले. पुढे प्रिंटर चालू झाला तेव्हा न्यूयॉर्कहून आलेले चौकशीचे निरोप बाहेर पडू लागले, पण तोवर तिकडे शनिवार-रविवारची सुट्टी लागली होती. बहुतेक हुकूम वाटेत अडले, तरी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्सला जाऊन पोहोचले.

दुसरी आपल्या देशातली. तामिळनाडूत कुंभकोणम येथे मुख्यालय असलेल्या सिटी युनियन बँकेत ६ फेब्रुवारी २०१८ च्या संध्याकाळी प्रिंटरचा संबंध तुटला. नेटवर्क गेले असेल असे कर्मचाऱ्यांना वाटले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हाताने स्टेटमेंट काढून हिशेब जुळवला, तेव्हा बँकेने न केलेले तीन व्यवहार सापडले : दुबई, तुर्कस्तान आणि चीनकडे, मिळून सुमारे २० लाख डॉलर. दुबईची रक्कम वाटेतच अडली. हिशेब लगेच जुळवला गेला म्हणून चोरी एका दिवसात उघडकीस आली.

या दोन्ही ठिकाणी चोर प्रिंटरमधून आत शिरले असे नाही. पण आत आल्यावर कागदावरची साक्ष बंद करणे त्यांना गरजेचे वाटले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. प्रिंटरने अचानक छापणे बंद केले, न दिलेली प्रिंट बाहेर आली, सेटिंग आपोआप बदलले, तर 'मशीन आहे, होते असे' म्हणून सोडून देऊ नये. त्या दिवशी बँकेचे खाते एकदा डोळ्यांखालून घालावे.

आपल्याकडे चोराला मिळणार काय?

'आमच्याकडे कोणते बँकेचे गुपित आहे?' असे आपले बांधव विचारतात. गुपिते आहेत, आणि बाजारात त्यांना किंमत आहे.

आमच्या ग्रे कापडाच्या धंद्यात एका मीटरला दहा-वीस पैशांच्या फरकाने सौदा इकडचा तिकडे जातो. कोणत्या पार्टीला कोणत्या क्वालिटीचा काय भाव लावला, सूत कोणाकडून काय दराने घेतले, पिकाला किती पैसे मजुरी ठरली, हे सगळे बिलांवर आणि चलानांवर लिहिलेले असते. भाव फुटला की धंदा फुटला, हे भिवंडीत लहान मूलही जाणते. डॉबी-जेकार्डचे नवे डिझाइन बाजारात येण्याआधी शेजारच्या कारखान्यात विणले जाऊ लागले तर दाद कोणाकडे मागणार?

याहून मोठा धोका येणे बाकीच्या यादीत आहे. आपला धंदा उधारीचा. कोणत्या पार्टीकडून किती रक्कम कोणत्या तारखेला यायची आहे, हे कळलेल्या ठगाला पुढचे काम सोपे असते. तुमच्या बिलाचा नमुना, लेटरहेड, सही आणि शिक्का स्कॅन केलेल्या कागदांत मिळतोच. तो पार्टीला पत्र पाठवतो : 'आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम खालील खात्यात आरटीजीएस करावी.' बिल नंबर बरोबर, रक्कम बरोबर, सही ओळखीची. पार्टी पैसे भरून मोकळी होते. मग तुम्ही म्हणता आले नाहीत, पार्टी म्हणते दिले, आणि जुने संबंध बिघडतात. अशा फसवणुकी जगभर चालतात, आणि त्यांची सुरुवात खऱ्या कागदाच्या नकलेपासून होते.

शिवाय कामगारांची आधार कार्डे, भाडेकरूंचे करारनामे, भागीदारांचे पॅन हे दुसऱ्यांचे कागद आपल्याकडे विश्वासाने आलेले असतात. ती अमानत आहे. तिची हिफाजत करणे आपली जबाबदारी आहे.

दरवाजे कुठे उघडे राहतात

मूळ पासवर्ड : प्रिंटर कारखान्यातून निघताना त्याला एक पासवर्ड दिलेला असतो, किंवा दिलेलाच नसतो. जून २०२५ मध्ये रॅपिड७ या सुरक्षा कंपनीने जाहीर केले की ब्रदर कंपनीच्या ६८९ मॉडेलांत काही दोष आहेत, आणि त्यांतला सगळ्यात गंभीर दोष असा की बहुतेक मॉडेलांचा मूळ पासवर्ड मशीनच्या सीरियल नंबरवरून काढता येतो. फुजीफिल्म, रिको, तोशिबा आणि कोनिका मिनोल्टा यांच्याही काही मॉडेलांवर या दोषांचा परिणाम होता. विकल्या गेलेल्या मशिनांत हा मोठा दोष नुसत्या सॉफ्टवेअर अपडेटने पूर्ण जात नाही. ज्याने पासवर्ड स्वतः बदलला, त्यालाच हा धोका नाही.

एकच वायफाय : गाळ्यात येणारा दलाल, ट्रान्सपोर्टचा माणूस, समोरचा दुकानदार, सगळ्यांना आपण आदराने वायफायचा पासवर्ड देतो. पण प्रिंटर त्याच वायफायवर असेल, तर पाहुणा थेट तिजोरीच्या खोलीत बसला असे समजावे.

वायफाय डायरेक्ट : पुष्कळ प्रिंटर राउटरशिवाय स्वतःचे वेगळे वायफाय सोडतात. मोबाइलमध्ये वायफायची यादी उघडली की 'डायरेक्ट' या शब्दाने सुरू होणारे नाव दिसते, ते हेच. काही मॉडेलांत त्याचा मूळ पासवर्ड एक ते आठ आकडे ओळीने, एवढाच असतो. ते जिन्यातल्या माणसाच्या मोबाइलवरही दिसते.

राउटर : घरून प्रिंट देता यावी म्हणून कोणीतरी राउटरमध्ये 'पोर्ट' उघडून ठेवतो. वर सांगितलेल्या हजारो प्रिंटरांवर निरोप छापता आले, कारण ते असेच इंटरनेटवर उघडे होते.

जुने कॉम्प्युटर : जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या छपाईच्या भागातच 'प्रिंटनाइटमेअर' नावाचा दोष निघाला. तो इतका घातक होता की मायक्रोसॉफ्टने बंद केलेल्या विंडोज ७ साठीसुद्धा दुरुस्ती दिली. विंडोज १० ची नेहमीची साथही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. जुन्या कॉम्प्युटरवर जीएसटीचे काम करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

एका तासात करण्याची कामे

कॉम्प्युटर जाणणारा घरचा मुलगा किंवा विश्वासू सर्व्हिसवाला समोर बसवावा आणि एकेक काम करून घ्यावे.

१. प्रिंटरच्या मेनूमधून नेटवर्कच्या माहितीचा कागद छापावा. त्यावर आयपी पत्ता लिहिलेला असतो. तो ब्राउझरमध्ये टाइप करून सेटिंग उघडावे आणि ॲडमिन पासवर्ड बदलावा. नवा पासवर्ड किमान बारा अक्षरांचा असावा. दुकानाचे नाव, मोबाइल नंबर, मुलाचे नाव नको.

२. राउटरचाही ॲडमिन पासवर्ड बदलावा. त्यात 'पोर्ट फॉरवर्डिंग' आणि 'यूपीएनपी' पाहावे. प्रिंटरसाठी काही उघडे असेल तर बंद करावे. घरून प्रिंट देण्याची खरी गरज असेल तर जाणकाराकडून व्हीपीएन लावून घ्यावे.

३. राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' चालू करून पाहुण्यांना तेच द्यावे. ऑफिसचे वायफाय फक्त ऑफिसच्या यंत्रांसाठी ठेवावे. एका गाळ्यात दोन पेढ्या असतील तर दोघांचे नेटवर्क वेगळे करावे.

४. 'वायफाय डायरेक्ट' लागत नसेल तर बंद करावे, लागत असेल तर पासवर्ड बदलावा. एफटीपी, टेलनेट यांसारख्या न लागणाऱ्या सोयी बंद कराव्यात. ई-मेलने प्रिंट देण्याची सोय असेल तर ठरावीक पत्त्यांनाच परवानगी ठेवावी.

५. स्कॅन पाठवण्यासाठी वेगळा ई-मेल उघडावा. ज्या ई-मेलवर बँकेचे आणि जीएसटीचे निरोप येतात, त्याचा पासवर्ड प्रिंटरमध्ये कधीही ठेवू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या एका मशीनबाबत असे उघड झाले की ॲडमिन सेटिंग हाती आलेला माणूस आतला पत्ता बदलून साठवलेला पासवर्ड स्वतःकडे वळवू शकतो. कंपनीने दुरुस्ती दिली आहे, पण धडा सर्वांसाठी आहे.

६. प्रिंटरचे फर्मवेअर आणि कॉम्प्युटरचे विंडोज अपडेट करावे. ईदनंतर किंवा दिवाळीनंतर, वर्षातून दोनदा तरी, ते पाहण्याचा नेम ठेवावा.

७. मशीनमध्ये 'सिक्युअर प्रिंट' असेल तर ती वापरावी. प्रिंट दिल्यावर कागद लगेच बाहेर येत नाही. मशीनजवळ जाऊन पिन दाबल्यावर येतो. पगारपत्रक आणि भावाचे कोटेशन असेच काढावे. ही सोय नसेल तर ट्रेमध्ये कागद पडून राहू देऊ नये, आणि चुकलेली प्रिंट फाडूनच टाकावी. तिच्यात तागे बांधू नयेत.

८. सगळे पासवर्ड एका वहीत लिहून वही तिजोरीत ठेवावी. मशीन आपली आहे, तर किल्लीही आपल्याकडेच हवी. सर्व्हिसवाल्याला काम असेल तेव्हा मालकाने स्वतः पासवर्ड टाकून द्यावा.

भाड्याची मशीन, जुनी मशीन

मोठी झेरॉक्स मशीन भाड्याने घेण्याची किंवा सेकंडहँड घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. इथे खबरदारी जास्त हवी. २०१० मध्ये अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीने चार जुनी झेरॉक्स मशीन विकत घेऊन त्यांच्या हार्ड डिस्क तपासल्या. त्यांतून बफेलो शहराच्या पोलिसांचे कागद आणि ॲफिनिटी नावाच्या आरोग्य विमा संस्थेच्या रुग्णांची माहिती निघाली. ती मशीन ॲफिनिटीने भाड्याने घेऊन परत केली होती. या निष्काळजीपणाबद्दल २०१३ मध्ये तिला १२ लाख १५ हजार डॉलर भरावे लागले.

म्हणून मशीन परत करताना, विकताना किंवा भंगारात देताना आधी सेटिंगमधून सगळा साठा पुसून ती कारखान्याच्या मूळ स्थितीत आणावी. हार्ड डिस्क असेल तर ती पुसल्याचे भाडेवाल्याकडून लिहून घ्यावे, नाहीतर डिस्क काढून घेण्याची बोली आधीच करावी. सेकंडहँड मशीन आणल्यावरही पहिले काम हेच.

जे बांधव झेरॉक्सचे दुकान चालवतात, त्यांच्यावर तर सगळ्या मोहल्ल्याचे कागद येतात. व्हॉट्सॲपवर आलेले आधार, मार्कशीट, निकाहनामा प्रिंट झाल्यावर गिऱ्हाइकासमोरच डिलीट करावे. 'तुमची फाइल पुसली' एवढे सांगितले तरी गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात येते. गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हसाठी वेगळा कॉम्प्युटर ठेवावा. दुकानाचा हिशेब त्यावर नको.

कायदा आणि तक्रार

परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये किंवा नेटवर्कमध्ये शिरणे, माहिती काढणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येते. ते लबाडीने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पैसे गेले असतील तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती गोठवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि पोलीस ठाण्यातही तक्रार नोंदवता येते. तक्रारीपूर्वी प्रिंटर 'रीसेट' करू नये, आतली नोंद पुसली जाते. नेटवर्कपासून तो तोडावा, स्क्रीनचे फोटो घ्यावेत आणि मग बोलावे.

दुसरी बाजूही आहे. लोकांच्या खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. कामगाराची किंवा गिऱ्हाइकाची माहिती कॉम्प्युटरवर ठेवणाऱ्याने ती सुरक्षित ठेवली पाहिजे, हे आता कायद्याचे बंधन होत आहे. उद्या माहिती फुटली, तर 'आम्हाला प्रिंटरचे काही समजत नाही' हे उत्तर चालणार नाही.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. प्रत्येक पार्टीला आताच कळवून ठेवावे की आमचे बँक खाते बदलल्याचे पत्र, ई-मेल किंवा व्हॉट्सॲप आले, तर आमच्या जुन्या नंबरवर फोन करून, मालकाचा आवाज ऐकल्याशिवाय पैसे भरू नयेत. आणि आपल्यालाही सूतवाल्याकडून तसे पत्र आले तर आपणही तेच करावे. मशीनला लावलेले कुलूप कधी ना कधी कोणी उघडू शकेल, पण तोंडी खात्री करून घेण्याची ही जुनी बाजारपेठी रीत ठगाला सहज ओलांडता येत नाही. या आठवड्यात गादीवर बसाल तेव्हा प्रिंटरमधून तो नेटवर्कचा कागद तेवढा काढून पाहा. पुढची कामे त्याच कागदापासून सुरू होतात.